हातघडणीचा सत्तूर : प्रकल्पाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२४

पात्यांचा नाद असलेल्या आमच्या पुण्यातील मित्रमंडळात गेली काही वर्षे एकच इच्छा पुन्हा पुन्हा बोलून दाखवली जाते. जपानी सान्तोकू झाली, चिनी त्साइदाओ झाली, तऱ्हेतऱ्हेच्या सुऱ्या झाल्या. पण आपल्याकडच्या लोहाराने ऐरणीवर घडवलेला, घरात मटण तोडायला आणि भोपळा फोडायला उपयोगी पडणारा चांगला सत्तूर मात्र कोणाकडेच नाही. बाजारात मिळणारे बहुतेक सत्तूर गॅसकटरने पत्र्यातून कापलेले, ग्राइंडरवर घाईने धार काढलेले आणि पाइपची मूठ वेल्डिंगने चिकटवलेले असतात. ग्राइंडरच्या चाकावर धारेजवळचा पोलादाचा पातळ भाग निळा पडेपर्यंत तापला, की त्याला दिलेले पाणी, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्याने आलेला कठीणपणा, तिथेच उतरते, आणि मग अशी धार कितीही वेळा लावली तरी ती चार दिवस टिकत नाही.

मंडळातील प्रत्येकाने आपली अपेक्षा लिहून द्यावी, असे ठरले होते. आलेल्या अपेक्षांपैकी बहुतेक रूपाविषयीच्या आहेत : पात्यावर हातोड्याच्या खुणा हव्यात, पाठीकडचा काळा थर तसाच ठेवावा, जमल्यास दमास्कससारखी नक्षी असावी. पात्याची जाडी पाठीकडून धारेकडे कशी उतरावी आणि त्याला पाणी कसे द्यावे, याविषयी जवळजवळ कोणीच लिहिले नाही. माझे मत असे आहे, की सत्तुराचे बरेवाईट याच दोन गोष्टींवर ठरते, आणि म्हणून या नोंदींत मी याच दोन गोष्टींचा पाठपुरावा करणार आहे.

१५ सप्टेंबर २०२४

गणपतीचे दिवस असल्यामुळे मटणाच्या दुकानांत गिऱ्हाईक विरळ आहे, आणि नेमके म्हणूनच कॅम्पातील एका अनुभवी खाटीकदादांना निवांत बोलायला वेळ मिळाला. त्यांच्याकडे दोन हत्यारे आहेत : मांस सोडवण्यासाठी अरुंद, लवचीक सुरी आणि हाडांसाठी सत्तूर. त्यांचा सत्तूर वर्षानुवर्षे घासून जवळजवळ एक बोट अरुंद झालेला आहे, पण त्याचा तोल अजून पुढच्या टोकाकडेच आहे. मूठ सैल धरून पाते नुसते सोडले तरी ते आपल्या वजनाने खाली येते, आणि मनगटाला केवळ दिशा द्यावी लागते.

धारेविषयी ते जे म्हणाले ते मी जसेच्या तसे लिहून घेतले. “दादा, सत्तुराला लई बारीक धार काढू नका. बारीक धार हाडात अडकती आणि ओढायला गेलं की तुकडा उडतो. वजन हाड तोडतंय, धारेनं नुसती वाट दाखवायची.” त्यांच्या पात्याची धार दोन्ही बाजूंनी मिळून साधारण ५० अंशांची असावी, असे कोनमापकावर दिसले. ओंडका चिंचेचा होता. चिंचेचे लाकूड घट्ट आणि गुंतलेल्या रेषांचे असल्यामुळे ते घाव सोसते आणि त्याचे तूस मांसात कमी येते, म्हणून या धंद्यात त्यालाच पसंती आहे. घरच्या वापरात मात्र हा ओंडका नसतो, काचेची किंवा ग्रॅनाइटची फळी असते, आणि त्या फळीवर जगातील कोणतीही धार टिकणार नाही, हे आमच्या मंडळातील सर्वांना आधीच कळवून ठेवले पाहिजे.

२२ सप्टेंबर २०२४

आज आराखडा पक्का केला. पाते २०० मिलिमीटर लांब आणि ९० मिलिमीटर रुंद राहील. पाठ साडेपाच मिलिमीटर, मधोमध साडेचार आणि धारेच्या किंचित वर दोन, असा जाडीचा उतार असेल. सरासरी जाडी ४ मिलिमीटर धरली तर पात्याचे घनफळ ७२ घनसेंटिमीटर होते, आणि पोलादाच्या ७.८५ या घनतेने त्याचे वजन सुमारे ५६५ ग्रॅम भरते. मुठीत शिरणारा भाग, मूठ आणि शेंबी (मुठीच्या तोंडाशी बसणारे धातूचे कडे) धरून पूर्ण सत्तूर ७५० ग्रॅमच्या आसपास जाईल. खाटीकदादांच्या सत्तुरापेक्षा हे वजन कमी आहे, पण दिवसभर हाडे तोडणे आणि रविवारी एक किलो मटण तोडणे यांत फरक केलाच पाहिजे.

मंडळातील एका मैत्रिणीने चिनी स्वयंपाकघरातील एक जुनी पद्धत सुचवली आणि ती मला पटली. तिथे एकाच पात्याचा पुढचा भाग बारीक धारेचा ठेवून त्याने भाजी आणि मांस चिरतात, आणि टाचेकडचा, म्हणजे मुठीजवळचा, भाग बोजड धारेचा ठेवून त्याने हाड तोडतात. आपल्या सत्तुरालाही हे लागू करता येईल : पुढचे दोन तृतीयांश पाते प्रत्येक बाजूला १८ अंशांवर, आणि टाचेकडचा तिसरा हिस्सा २५ अंशांवर. पात्याचे मूळ रूप, म्हणजे सरळ पाठ, किंचित फुगीर धार आणि टांगायला कोपऱ्यात भोक, यात काहीही बदल करायचा नाही.

नक्षीदार पोलादाची मागणी मी नामंजूर केली आहे. दख्खनमध्ये पूर्वी मुशीत तयार होणारे जे प्रसिद्ध पोलाद तलवारींसाठी पश्चिम आशियापर्यंत जात असे, त्यात कार्बनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. ते कापायला अप्रतिम, पण हाडावर आपटण्याच्या कामाचे ते पोलाद नव्हे. आज नक्षीदार म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा दोन पोलादांचे थर जोडून अ‍ॅसिडने उठवलेले असते, आणि खेड्यातील भट्टीवर असा जोड निर्दोष बसवणे फार अवघड आहे. आपल्या लोहारांना ज्या धातूची पारख आहे, तो म्हणजे गाडीचा पाटा, चाकांचे हिसके झेलणारी पोलादी स्प्रिंगची पट्टी.

२९ सप्टेंबर २०२४

रविवारचा जुना बाजार. पावसाने चिखल झालेला असतानाही भंगाराच्या ढिगांत पाटे भरपूर होते. ट्रकचे पाटे दहा मिलिमीटरहून जाड असतात आणि ते हाताने पातळ करण्यात माणसाचा आणि कोळशाचा जीव जातो. म्हणून जीप आणि पिकअप यांचे ६० मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड पाटे निवडले. अशा पाट्याच्या २० सेंटिमीटर तुकड्यात ९६ घनसेंटिमीटर धातू असतो. पात्याला ७२ आणि मुठीतल्या भागाला सुमारे १० लागले, तरी भट्टीत जळून खपल्यांच्या रूपाने गळणाऱ्या आणि कानशीने जाणाऱ्या धातूसाठी पुरेशी शिल्लक राहते.

आपल्याकडचे पाटे साधारणपणे दोन जातींचे निघतात. ईएन ४५ मध्ये कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन दीड टक्क्याहून अधिक असते. एसयूपी ९ मध्ये कार्बन जवळपास तेवढाच, पण सिलिकॉनऐवजी क्रोमियमचा आधार असतो. दोन्ही पोलादे धक्का सोसणारी आहेत, आणि सत्तुराला हवा असलेला गुण तोच आहे. भंगारातील तुकड्यावर छाप क्वचितच उरलेली असते, त्यामुळे कोणती जात हाती आली हे प्रत्यक्ष तापवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

जुन्या पाट्याचा खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांचा आहे. लाखो हिसके खाल्लेल्या पोलादात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि कडांना, केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. त्या शोधण्याची जुनी युक्ती सोपी आहे. पाटा तारेच्या ब्रशने स्वच्छ घासायचा, त्यावर रॉकेल चोपडून काही वेळ मुरू द्यायचे, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडूची पूड भुरभुरायची. जिथे चीर असते तिथे आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीत एक ओली, करडी रेघ उमटते. आज संध्याकाळी गच्चीत हा प्रयोग करताना एका देखण्या, न गंजलेल्या पाट्यावर अशी तिरकी रेघ उमटली आणि तो बाजूला ठेवावा लागला. गंजून खड्डे पडलेले दोन पाटे मात्र निर्दोष निघाले.

६ ऑक्टोबर २०२४

साताऱ्याच्या वाटेवर, शिरवळच्या अलीकडे, महामार्गाच्या बाजूला घिसाडी कुटुंबांची पाले आहेत. राज्यात या समाजाची नोंद भटक्या जमातींत होते, आणि शेतीची विळे-खुरपी, कुदळी, कुऱ्हाडी घडवत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. ज्या मामांकडे आम्ही गेलो त्यांच्याकडे एक ऐरण, चाकाचा भाता, तीन-चार सांडशा आणि जमिनीत खणलेली भट्टी एवढाच संसार आहे. मामा सांडशीने लोखंड धरतात आणि मामी घण मारतात.

आराखड्याचा कागद त्यांनी पाहिला, पण त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न वेगळाच होता : “साहेब, ह्यानं काय तोडणार?” त्यांना आकृतीपेक्षा काम महत्त्वाचे वाटले, आणि तोच प्रश्न आमच्या मंडळातील कोणी विचारला नव्हता, याची मला मनापासून नोंद करावीशी वाटते.

काम दिवाळीनंतर होईल असे त्यांनी स्पष्ट सांगितले. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि त्याआधी ऊसतोड कामगारांना कोयते लागतात. ऑक्टोबरभर या भट्ट्यांवर कोयत्यांशिवाय दुसरे काही घडत नाही. ज्याच्यावर एका कुटुंबाची हंगामाची कमाई अवलंबून आहे ते हत्यार आधी, आणि शहरातील हौशी लोकांचा सत्तूर नंतर, हा क्रम योग्यच आहे.

दराची चर्चाही आजच झाली. मामा नगावर पैसे घेतात, आणि बाजारातील सत्तूर ज्या भावाने जातो त्याच्याजवळपासचाच आकडा त्यांनी सांगितला. आम्ही आमच्या बाजूने हिशोब मांडला : पाटा, कोळसा, दोघांची दिवसभराची मेहनत, आणि तडा गेलेल्या पात्याचाही मोबदला, कारण भंगारातील दोषाचा भार घडवणाऱ्याने सोसू नये. या हिशोबाने एका सत्तुराचे अडीच हजार रुपये ठरले. परदेशी कंपनीच्या सुरीला दहा हजार मोजणाऱ्या माणसाने इथे घासाघीस करू नये, असे मी मंडळात आधीच सांगून ठेवले होते, आणि कोणी हरकत घेतली नाही.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. भट्टी बंद. ऐरणीला हळद-कुंकू, झेंडूची माळ.

२० ऑक्टोबर २०२४

कोयत्यांच्या कामातून संध्याकाळी थोडा वेळ काढून मामांनी आमच्या पाट्यांचे बोटाएवढे तुकडे तापवून दिले. प्रत्येक तुकडा लाल करून चुंबक लावत गेलो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला दाद देणे सोडते, आणि त्याहून थोडे पुढे गेल्यावर ते पाणी देण्याजोगे होते. सिलिकॉनच्या पाट्याला क्रोमियमच्या पाट्यापेक्षा अधिक ताप लागतो. तुकडे तेलात बुडवून, शेगडीजवळ वाळवून, पक्कडीत धरून मोडले. ज्यांचा मोड करडा, मखमलीसारखा बारीक दिसला ते घेतले. एका तुकड्याच्या मोडात साखरेच्या कणांसारखी चमक होती. तो जास्त तापवला गेला होता, आणि तोच पाटा कमी तापावर पुन्हा करून पाहिल्यावर मोड बारीक आला. मामांनी चुंबक हातात घेतला नाही. भट्टीवर पोत्याचा आडोसा धरून ते केवळ रंग बघत होते, आणि त्यांनी “आता” म्हटले तेव्हा प्रत्येक वेळी चुंबक नुकताच सुटलेला असे.

१० नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू आहे, आणि मंडळात कायद्याविषयी विचारणा झाली. म्हणून थोडे लिहून ठेवतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात; मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. आमचा सत्तूर २ इंचांहून रुंद आहे, पण तो स्वयंपाकघराचे हत्यार म्हणूनच घडतो आहे. असे असले तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणारे मनाई आदेश हत्यार बाळगून रस्त्यावर फिरण्यावर बंदी घालतात. म्हणून पाती मतमोजणी उरकल्यावरच आणायची, गोणपाटात बांधून गाडीच्या डिकीत ठेवायची, आणि कोणीही रस्त्यात उभे राहून त्यांची छायाचित्रे काढायची नाहीत, असे ठरले.

२४ नोव्हेंबर २०२४

कोयत्यांची लगबग संपली, आणि आज घडाई झाली. सकाळी सातला भट्टी पेटली. कोळसा बाभळीचा होता.

पाट्याची मूळची कमान आधी तापवून सरळ केली. त्यानंतर मामांनी जे केले ते पाहून आमच्यातील काही जण गोंधळले : त्यांनी तुकडा कडेवर उभा धरून त्याला धारेच्या बाजूला चांगलाच वाकवला, इतका की तो विळ्यासारखा दिसू लागला. कारण पुढे आपोआप कळले. धारेकडची बाजू ठोकून पातळ केली की ती बाजू लांबत जाते, पाठ मात्र तेवढीच राहते, आणि पाते पाठीच्या दिशेने वळते. आधीच उलट बाजूला दिलेला बाक या ओढीने हळूहळू सुटत गेला, आणि जाडी उतरेपर्यंत पाठ जवळजवळ सरळ रेषेत आली. हे गणित कागदावर मांडायला मला एक संध्याकाळ लागली असती.

मामा लहान हातोड्याने जागा दाखवत आणि मामी घणाचा घाव तिथेच घालत. बोलणे अजिबात नव्हते. हातोडा ऐरणीवर आडवा टेकला की घण थांबे. पाते नारिंगी-पिवळे असेपर्यंतच घाव पडत, आणि रंग मंद लाल झाला की लगेच ते पुन्हा कोळशात जाई, कारण थंडावत चाललेल्या पोलादावर जोर काढला तर त्यात तडे पडतात. ६० मिलिमीटरचा पाटा ९० मिलिमीटर रुंद करण्यासाठी घणाची अरुंद तोंडाची बाजू पात्याच्या लांबीला समांतर पडत राहिली, म्हणजे धातू आडवा सरकत गेला. मधूनमधून मी कॅलिपर लावत होतो. पाठीवर साडेपाच, मधोमध साडेचार अशी मापे येत होती, आणि मामा ती बोटांच्या चिमटीने आधीच सांगत होते.

पात्यावर खुणा राहिल्या आहेत, पण त्या मुद्दाम उमटवलेल्या नाहीत. शेवटच्या फेरीत मामांनी सपाट हातोड्याने बहुतेक खुणा दाबून टाकल्या, कारण खोल खूण म्हणजे पात्यातील कमजोर जागा, असे ते मानतात. हातोड्याच्या खुणा ठळक हव्यात असा ज्यांचा आग्रह होता त्यांनी ही गोष्ट समजून घ्यावी.

दिवस मावळताना सर्व पाती तापवून, राखेत न पुरता उघड्या हवेत निवू दिली. हे तीनदा केले, प्रत्येक वेळी ताप थोडा कमी ठेवून. ठोकताना पोलादात बसलेला ताण त्यामुळे निघून जातो आणि कण बारीक होतात.

१ डिसेंबर २०२४

आज पाणी दिले. या सबंध प्रकल्पात ज्या दिवसासाठी मी सर्वाधिक उत्सुक होतो तो हाच.

निम्मी पाती तेलाने आणि निम्मी मामांच्या रीतीने करायची, असे दोघांच्या संमतीने ठरले होते. तेलासाठी जाड पत्र्याच्या डब्यात शेंगदाण्याचे तेल ५५ अंशांपर्यंत कोमट केले; कोमट तेल पातळ होते आणि थंड तेलापेक्षा पोलादाची उष्णता लवकर खेचून घेते. पाते सर्वत्र सारखे लाल झाल्यावर धार खाली धरून सरळ बुडवले. ज्वाला उठली, विझली, आणि बाहेर काढल्यावर कानस धारेवरून काचेवरून घसरावी तशी घसरली. ही पाती घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा शेकायची आहेत, आणि मग पाठ बर्नरने निळी होईपर्यंत उतरवायची आहे.

मामांची रीत वेगळी आहे, आणि ती जवळून पाहणे हा माझ्या दृष्टीने या कामाचा सर्वात मोठा लाभ आहे. त्यांनी लाल पात्याची धार केवळ दोन बोटे पाण्यात धरली आणि पाते सतत पुढे-मागे हलवत ठेवले, म्हणजे ओल्या आणि कोरड्या भागांमध्ये एकच ठाम रेघ पडत नाही आणि त्या रेघेवर तडा जाण्याची भीती कमी होते. पाच-सहा अंक मोजण्याइतका वेळ गेल्यावर त्यांनी पाते वर काढले. पाठ अजून गडद लाल होती. लगेच विटेच्या तुकड्याने धारेजवळ एक पट्टा घासून त्यांनी तो पांढरा केला आणि पाते उन्हाकडे तिरके धरले. आम्ही सारे वाकून बघत होतो. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे परतू लागली तसा त्या पट्ट्यावर आधी फिकट पिवळा रंग आला, मग गव्हाळ सोनेरी, मग तपकिरी. तपकिरीत जांभळ्याची छटा दिसते न दिसते तोच त्यांनी सबंध पाते पाण्यात सोडले. गव्हाळ रंग साधारण २४० अंशांना येतो, तपकिरी २६० च्या आसपास आणि जांभळा २८० ला, असे पुस्तके सांगतात. ओव्हनमध्ये दोनदा करायचे काम इथे त्याच एका तापात, पाठीतल्या उरलेल्या उष्णतेवर, एका मिनिटात झाले. शिवाय पाठ मुळातच मऊ राहिली, वेगळ्या बर्नरची गरज पडली नाही.

मात्र पाट्याचे पोलाद पाण्याला नाजूक असते. पाणी दिलेले प्रत्येक पाते मामांनी दोऱ्याने टांगून बोटाच्या पेराने वाजवले. एकाचा आवाज बद्द आला, आणि टाचेजवळ नखाएवढा तडा सापडला. ते पाते बाद केले आणि त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे दिले.

८ डिसेंबर २०२४

भोसरीतील एका ओळखीच्या कार्यशाळेत कठीणपणा मोजून घेतला. तेलातील पात्यांची धार रॉकवेल सी मापावर ५७-५८ आली. मामांच्या पात्यांची धार ५४ ते ५६ मध्ये आणि पाठ ३५ च्या खाली आहे. मंडळात काही जणांना हा आकडा कमी वाटला. भाजीच्या पातळ सुरीला ६० चा आकडा शोभतो, पण हाडावर पडणाऱ्या पात्याची धार थोडी वळली तरी चालेल, तिचा कपचा उडता कामा नये. वळलेली धार पोलादी दांडीवर चार हात फिरवून सरळ होते, आणि उडालेला कपचा काढायला पात्याचा एक मिलिमीटर घासून घालवावा लागतो.

धार कुरुंदाच्या दगडावर हातानेच लावली, आधी जाड आणि मग बारीक दगडावर, सतत पाणी सोडत. ग्राइंडर वापरला नाही.

१५ डिसेंबर २०२४

मुठी बाभळीच्या केल्या. शेतीच्या अवजारांना हेच लाकूड पूर्वापार वापरतात, आणि ओल्या हातात ते शिसवापेक्षा कमी निसटते. लाकडात आधी बारीक भोक पाडून, पात्याचे टोकदार शेपूट लाल करून आत दाबले, म्हणजे ते आपली जागा स्वतः जाळून घेते. पाते मात्र त्या वेळी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, नाहीतर ताप पुढे सरकून पाणी उतरेल. उरलेली फट लाख आणि विटेची वस्त्रगाळ पूड यांच्या गरम मिश्रणाने भरली. तोंडाशी पितळी शेंबी बसवली आणि शेपटाचे टोक मागून बाहेर काढून वळवले, त्यामुळे लाख पुढेमागे सैल झाली तरी पाते हातातून सुटण्याची शक्यता नाही.

२९ डिसेंबर २०२४

दोन आठवडे चार घरांत वापर झाला, आणि प्रत्येकाने नोंद ठेवली. दोन्ही प्रकारच्या पात्यांनी सुरण आणि लाल भोपळा सहज फोडला. भाजीवर तेलाच्या पात्याची धार अधिक दिवस टिकली. नळ्या आणि पाये तोडताना मात्र त्यातील एका पात्याला, टाचेकडचा कोन १८ अंशांवरच राहिलेला असताना, मिठाच्या कणाएवढा कपचा गेला. तो भाग आराखड्याप्रमाणे २५ अंशांवर आणल्यावर पुन्हा काही झाले नाही. मामांच्या पात्यांची धार त्याच कामात एका जागी किंचित वळली आणि दांडीवर सरळ झाली. नारळ पाठीने फोडताना मऊ पाठीवर बारीक खाचा उठतात, पण पात्याला हादरा बसत नाही.

हाडांसाठी मामांची रीत सरस आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तिच्यातील एकच उणी बाजू म्हणजे पाण्यात तडा जाण्याची जोखीम.

कोकम, चिंच आणि कांदा यांनी पाते काळपट-निळसर होते. तो डाग गंज नव्हे, आणि घासून काढण्याची गरज नाही. वापरानंतर धुऊन, कोरडे पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवले की पुरते. रात्रभर बेसिनमध्ये ठेवलेल्या एका पात्यावर मात्र खरा तांबडा गंज आला होता.

१२ जानेवारी २०२५

सत्तूर ज्याचे त्याला पोचले, आणि मंडळात आणखी मागणी आली आहे. मामांशी बोलणे झाले. पुढची खेप ते फाल्गुनात घेतील. तिच्यासाठी ठरलेले बदल असे : धार पाण्याऐवजी कोमट तेलात दोन बोटे धरायची, आणि रंगाचा उतार नेहमीप्रमाणे विटेने घासलेल्या पट्ट्यावर बघायचा. तेल पाण्यापेक्षा हळू थंड करते, म्हणून धार आत ठेवण्याचा वेळ किती वाढवायचा हे मामा आधी वाया गेलेल्या पात्याच्या तुकड्यांवर ठरवणार आहेत. रुंदी ९० वरून ८५ मिलिमीटर करायची, कारण मंडळातील बायकांनी पूर्ण वजनाचा सत्तूर मनगटाला जड होतो असे कळवले आहे. पाठीची जाडी मात्र साडेपाचच राहील. दर अडीच हजारांवरून तीन हजार होईल, कारण बाभळीचा कोळसा महागला आहे. पाटे आम्ही आणायचे आणि रॉकेल-खडूची परीक्षा करूनच भट्टीवर द्यायचे.